यात्रा, साथ आणि गावचे नोंदबुक

कल्याणहून माळशेजचा घाट चढून ओतूर, आळे, बेल्हे ह्या गावांवरून अहमदनगरकडे (आजच्या अहिल्यानगरकडे) जाणारा मार्ग जुन्नर तालुक्याच्या पूर्व टोकाशी आणखी एक घाट चढतो आणि आणे ह्या गावी पठारावर येऊन पोचतो. पुढे पारनेर तालुका लागतो. पाण्याचे दुर्भिक्ष हा ह्या पठाराचा जुना रोग. अशा कोरड्या गावी रंगदास स्वामींच्या पुण्यतिथीस मोठी यात्रा भरते आणि आमटी-भाकरीचा महाप्रसाद होतो. आमटी गावात मोठमोठ्या कढयांतून शिजते. भाकऱ्या आसपासच्या घरोघरी भाजून आणल्या जातात. जंतुशास्त्राच्या दृष्टीने पाहता, उकळती आमटी आणि तव्यावरून उतरलेली कोरडी भाकरी ह्यांहून निर्धोक यात्रान्न सुचविणे कठीण. अशा ठिकाणी धोका असलाच तर तो पानात नसून पाण्यात असतो.

मराठीत यात्रा ‘भरते’ आणि यात्रा ‘फुटते’. ह्या दोन क्रियापदांतील भेद प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. यात्रा भरण्याचा इतिहास विपुल उपलब्ध आहे: किती माणसे आली, किती कर जमला, किती दगावली, कोणते हुकूम सुटले. शासनाचे अधिकारी यात्रेच्या जागी हजर असत, म्हणून त्यांचे अहवालही त्या जागेविषयीच बोलतात. यात्रा फुटण्याचा इतिहास मात्र विरळ. वस्तुतः साथीच्या रोगाचा माग काढावयाचा असेल तर तो यात्रा फुटल्यानंतरच काढता येतो. कारण रोग यात्रेत जडला तरी मनुष्य आजारी पडतो तो बहुधा वाटेवर किंवा घरी. म्हणजे यात्रेतील साथीचा अर्धा पुरावा यात्रास्थळी आणि अर्धा, कदाचित अधिक मोलाचा, वाटेवरच्या गावांच्या दप्तरांत असतो. पहिल्या अर्ध्यावर अभ्यासकांनी परिश्रम घेतले आहेत. दुसरा अर्धा अद्याप मोडी आणि बाळबोध अक्षरांत पडून आहे.

‘साथ’ ह्या शब्दापासूनच आरंभ करणे सोयीचे होईल. मराठीत साथ म्हणजे सोबत आणि साथ म्हणजे पसरणारा रोगही. गाण्यात तबल्याची साथ असते, प्रवासात मित्राची साथ असते, आणि गावात पटकीची साथ येते. हा शब्द संस्कृत ‘सार्थ’ ह्यापासून, प्राकृत ‘सत्थ’ ह्या रूपातून आला. सार्थ म्हणजे एकत्र प्रवास करणाऱ्या व्यापाऱ्यांचा तांडा. सार्थवाह म्हणजे त्याचा नायक. कोकणच्या बंदरांतून नाणेघाट चढून जुन्नरवरून पैठणकडे जाणाऱ्या सातवाहनकालीन मार्गाने असे सार्थ जात असत. तांडा, त्यावरून सोबत, आणि सोबतीने चालणाऱ्या गोष्टीवरून चोहीकडे एकाच वेळी पसरलेला रोग, अशी अर्थाची वाटचाल दिसते. ‘एपिडेमिक’ ह्या ग्रीकमूलक शब्दाचा अर्थ ‘लोकांवर आलेले’ असा आहे; त्यात प्रवास नाही. मराठी शब्दाच्या पोटात प्रवास आहे. एवढ्यावरून आपल्या पूर्वजांना संसर्गाचे शास्त्र ठाऊक होते, असा निष्कर्ष काढणे मात्र भाबडेपणाचे होईल. शब्दाची व्युत्पत्ती म्हणजे वैद्यकाचा दाखला नव्हे.

रोगनामांची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. गास्पार कोर्रेया ह्या पोर्तुगीज इतिहासकाराने १५४३ साली गोव्यात झालेल्या एका भयंकर साथीचे वर्णन केले असून रोगाचे स्थानिक नाव नोंदविले आहे. वीस वर्षांनी, १५६३ मध्ये, गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात गार्सिया द ओर्ता हा वैद्य तेच नाव देतो आणि पोर्तुगीज लोक त्याचा अपभ्रंश करतात, असेही सांगतो. हे नाव म्हणजे मराठी-कोंकणीतील ‘मोडशी’. पोर्तुगीजांनी त्याचे ‘मोर्देशी’ केले. पुढे फ्रेंचांनी ते ‘मॉर द शियाँ’, म्हणजे ‘कुत्र्याचे मरण’, असे ऐकले आणि ह्या अर्थाला साजेशा कथा रचल्या गेल्या. एका भाषेतील रोग दुसऱ्या भाषेत गेल्यावर नवीन अर्थ धारण करतो, ह्याचे ह्याहून ठळक उदाहरण क्वचितच सापडेल. इकडे मराठीत मात्र मोडशी सौम्य होत गेली. आज मोडशी म्हणजे अपचन. आजीबाईच्या बटव्यातील ओव्याने बरी होणारी व्याधी. एकोणिसाव्या शतकात प्राणघातक रोगासाठी पटकी, वाखा, जरीमरी, महामारी हे शब्द रूढ होते, त्यांतील पटकी आणि वाखा शिव्याशापांतही शिरले. वैद्यांच्या ग्रंथांतील शब्द विषूचिका. पुढे ‘कॉलरा’ आला आणि तो छापील कागदावरचा शब्द ठरला.

हे सर्व शब्द एकाच रोगाची नावे होती काय? ज्याला आज कॉलरा म्हणतात त्याचा जंतू रॉबर्ट कॉख ह्यांनी १८८४ मध्ये कलकत्त्यात निश्चित केला. त्यापूर्वीच्या प्रत्येक नोंदीत नाव आणि रोग ह्यांचे नाते संदिग्ध आहे, आणि त्यानंतरच्याही बहुतेक ग्रामीण नोंदींत, कारण खेड्यातील मृताची तपासणी सूक्ष्मदर्शकाखाली कोणी केली नव्हती. म्हणून ह्या विषयाच्या अभ्यासकाने शब्दाला रोग समजण्यापूर्वी तो शब्द कोणी, कोणासाठी आणि कोणत्या रकान्यात लिहिला, हे पाहिले पाहिजे.

यात्रेपासून साथीचा माग काढण्याचे आरंभीचे एक उदाहरण महाराष्ट्राबाहेरचे आहे. १७८३ च्या एप्रिलमध्ये हरिद्वारच्या मेळ्यात पटकीने आठवड्याभरात वीस हजार यात्रेकरू मेल्याचे सांगितले जाते. हा आकडा अंदाजाचा आहे आणि त्यावर फार भार टाकू नये. लक्षणीय गोष्ट वेगळी आहे. तेथून अवघ्या सात मैलांवरील ज्वालापूर ह्या गावी रोग पोचला नाही, असे जुने लेखक आवर्जून नमूद करतात. म्हणजे रोग कोठे गेला ह्याबरोबरच तो कोठे गेला नाही ही नोंदही पुरावा आहे, ही जाणीव त्या काळीही होती. माग काढण्याच्या शास्त्रात ही दुसरी बाजू नेहमीच दुर्लक्षित राहते, कारण काही न घडलेल्या गावाकडून अहवाल येत नाही.

१८१७ साली बंगालमध्ये जेसोरपासून पसरलेली साथ त्याच वर्षी नोव्हेंबरात बुंदेलखंडातील हेस्टिंग्जच्या छावणीत शिरली आणि पुढील वर्षी दख्खनेत उतरली. पेशवाईचा अस्त आणि पटकीचा उदय हे दख्खनने एकाच वर्षी पाहिले. फौजा, रसद वाहणारे बंजारे, घरी परतणारे बेकार शिपाई आणि यात्रेकरू एकाच रस्त्यांवर होते. १८१८ च्या ऑगस्टमध्ये रोग मुंबईत आला. मुंबईच्या वैद्यक मंडळाने १८१९ च्या अहवालात त्याचा माग पुणे–पनवेल रस्त्याने काढला आणि पनवेलहून आलेल्या माणसाबरोबर तो बेटावर आला असे मत दिले. बंगालमध्ये जेम्स जेमसन ह्यांचा १८२० चा अहवाल ह्याच्या विरुद्ध बाजूस झुकला: रोग हवेत व भूमीत आहे, माणसाकडून माणसाकडे जात नाही. एकच साथ, दोन इलाख्यांची दोन मते. मुंबईकरांना रस्ता दिसला, कारण त्यांच्याकडे घाटातून उतरणारा ठळक रस्ता होता. बंगालच्या सपाट मुलखात, नद्यांच्या जाळ्यात, असा एकेरी मार्ग दाखविणे अवघड होते. मतभेदाचे हेच एकमेव कारण असे नव्हे, तथापि भूगोलाचा हा वाटा उपेक्षणीय नाही.

१८६५ साली मक्केच्या यात्रेत सुमारे नव्वद हजारांपैकी पंधरा हजार यात्रेकरू दगावल्याचे मानले गेले आणि परतणाऱ्यांबरोबर रोग इजिप्तमार्गे युरोपात गेला. पुढच्याच वर्षी कॉन्स्टँटिनोपल येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने हिंदुस्थानातील यात्रा हे पटकीच्या प्रसाराचे सर्वांत प्रबळ कारण असल्याचे जाहीर केले. ह्या ठरावाची शाई वाळते न वाळते तोच १८६७ चा हरिद्वार कुंभ आला. स्नानाच्या आदल्या रात्री जोराचा पाऊस झाला, उघड्यावर उतरलेला समुदाय भिजला आणि वाहून आलेली घाण पात्रात गेली. स्नान आटोपून लोक पांगले आणि रस्त्यांरस्त्यांनी पटकी दिसू लागली. पंजाब ओलांडून ती पेशावरपर्यंत गेली.

यात्रेच्या पांगापांगीचा एवढा तपशीलवार माग पूर्वी कोणी ठेवला नव्हता. कोणत्या ठाण्यात कोणत्या तारखेस पहिला यात्रेकरू आजारी पडला आणि त्यानंतर किती दिवसांनी स्थानिक माणूस, ह्यांच्या याद्या केल्या गेल्या. एवढे असूनही सरकारी मत पुढे उलट दिशेने गेले. हिंदुस्थान सरकारचे आरोग्य आयुक्त जे. एम. कनिंगहॅम ह्यांनीच १८६७ च्या साथीवरील अहवाल लिहिला होता. पुढील वर्षांत तेच संसर्गमताचे आणि क्वारंटाइनचे कट्टर विरोधक म्हणून प्रसिद्धीस आले. जेम्स ब्रायडन ह्या आकडेतज्ज्ञाने १८६९ मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार पटकी मोसमी वाऱ्यांबरोबर सरकते. आकडे तेच, एकाला त्यांत रस्ता दिसला, दुसऱ्याला वारा. यात्रेकरूंच्या रस्त्यांवर पहारे बसविले तर व्यापार अडतो, लष्कराच्या हालचाली अडतात आणि धर्मात हात घातल्याचा बोभाटा होतो, ही व्यवहारी गणिते वाऱ्याच्या बाजूने होती. आज ब्रायडनला हसणे सोपे आहे. परंतु पुराव्याची निवड सोयीप्रमाणे होते, हा अनुभव एकोणिसाव्या शतकापुरता मर्यादित नाही.

महाराष्ट्रात ह्या वादाचे केंद्र अर्थातच पंढरपूर होते. आषाढी नेमकी पावसाळ्याच्या तोंडाशी येते. भीमेला नवे पाणी आलेले असते. वाळवंटात, मठांत आणि बडव्यांच्या व उत्पातांच्या घरांत माणसे दाटीने उतरलेली असतात. नगरपालिका यात्रेकरूंकडून कर घेई आणि त्यामुळे माणसांची मोजदादही आपोआप होई. महसुलासाठी केलेली मोजणी आरोग्यखात्याच्या कामी आली, हा योगायोग नोंदण्यासारखा आहे. १८९७ च्या साथरोग कायद्याने प्रवाशांची तपासणी करण्याचा व त्यांना अडविण्याचा अधिकार सरकारच्या हाती आला. त्यानंतरच्या काळात पालखी ही रोगवाहक आहे, ही कल्पना अधिकाऱ्यांच्या मनात कशी घट्ट झाली हे डॉ. मंजिरी कामत ह्यांनी १९०८ ते १९१६ ह्या वर्षांतील पंढरपूर यात्रेवरील आपल्या निबंधात दाखविले आहे. डेव्हिड अर्नोल्ड ह्यांनीही पटकी आणि वसाहतवादी सत्ता ह्यांच्या संबंधाची चर्चा करताना यात्रांना मध्यवर्ती स्थान दिले आहे. ह्या अभ्यासांचे मोल मोठे आहे. पण त्यांचे प्रमुख साधन इंग्रजी दप्तर असल्यामुळे त्यांत दिसतो तो यात्रेकडे पाहणारा अधिकारी. घरी परतून आजारी पडलेला शेतकरी त्यांत दिसत नाही.

येथे एक साधा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. पटकीचा जंतू पोटात गेल्यापासून लक्षणे दिसू लागेपर्यंत काही तासांपासून पाच दिवसांपर्यंतचा काळ जातो. आणे पठारावरून पंढरपूर नगर–करमाळ्याच्या वाटेने दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर चालणारा वारकरी नऊ-दहा दिवसांनी घरी पोचणार. म्हणजे पंढरपुरातील शेवटच्या दिवशी जरी त्याने दूषित पाणी प्यायले असले, तरी तो आजारी पडावयाचा तो करमाळ्याच्या आसपास, फार तर कर्जत तालुक्यात. आपल्या गावी नव्हे. त्याचा मृत्यू झालाच तर तो परक्या गावच्या दप्तरात, ‘परगावचा इसम’ म्हणून. पायी वारीच्या काळात यात्रेतील साथीचे बळी गावोगाव विखुरलेले नव्हते. ते रस्त्यांच्या कडेने, पंढरपूरपासून पाच-सहा मजलांच्या आत, एका वर्तुळात पसरलेले असले पाहिजेत. त्या वर्तुळाबाहेर रोग गेला तर तो एका उडीत नव्हे, टप्प्याटप्प्याने: वाटेवरच्या विहिरीवर, दुसऱ्या दिंडीकडे, तेथून पुढच्या आठवडे बाजारात.

आगगाडीने हे वर्तुळ मोडले. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे १८६० पर्यंत सोलापुरास पोचली होती. धोंड–मनमाड मार्ग १८७८ मध्ये सुरू झाला आणि नगर रेल्वेने जोडले गेले. कुर्डुवाडीहून पंढरपुरापर्यंत बार्शी लाइट रेल्वेचा फाटा १९०६ मध्ये खुला झाला. जुन्नर तालुक्यात रेल्वे आली नाही. तरी आण्याचा यात्रेकरू नगरपर्यंत गाडीने येऊन उरलेले साठ किलोमीटरांच्या आसपासचे अंतर बैलगाडीने किंवा पायी कापू शकत होता. सगळा प्रवास चार-पाच दिवसांत आटोपे. आता तोच मनुष्य, तोच जंतू पोटात घेऊन, घरच्या उंबरठ्यावर किंवा अगदी त्याच्या अलीकडे आजारी पडणार. यात्रेचा धोका वाढला असो वा नसो, तो गावाच्या नोंदबुकात प्रथमच स्पष्ट दिसू लागणार. रेल्वेमुळे यात्रा अधिक घातक झाल्या, असे जे विधान वारंवार केले जाते त्यात किती भाग रोगाच्या वाढीचा आणि किती भाग मृत्यूची जागा बदलल्याचा, हे गावांची दप्तरे उघडल्याशिवाय सांगता येणार नाही. ह्या प्रश्नाला आण्यासारखे वाटेवरचे गाव विशेष उपयोगी आहे. त्याच्या दप्तरात दोन्ही प्रकारची माणसे सापडण्याचा संभव आहे: गावची आणि वाटसरू.

हे दप्तर म्हणजे गाव नमुना नंबर १४, लोकभाषेत कोतवाल बुक. गावात जन्म वा मृत्यू झाला की कोतवाल वर्दी देई आणि नाव, जात, वय, तारीख, मरणाचे कारण अशा तपशिलांसह नोंद होई. ह्या नोंदींतून तालुक्याला, तालुक्यातून जिल्ह्याला आणि तेथून मुंबई इलाख्याच्या आरोग्य आयुक्तांना आकडे जात. वर पोचेपर्यंत मरणाची कारणे मोजक्या वर्गांत बसविली जात: पटकी, देवी, ताप, पोटाचे विकार, इजा आणि इतर. प्लेग आल्यावर त्याची भर पडली. मराठी माणूस किती प्रकारांनी मरत होता आणि त्या मरणांना किती नावे होती, ह्याची कल्पना ह्या सहा-सात घरांवरून येत नाही. ‘ताप’ ह्या एका घरात हिवताप, विषमज्वर, बाळंतपणाचा ताप, न्यूमोनिया असे सर्व काही सामावले. पटकी आणि पोटाचे विकार ह्यांच्यामधील रेषा तर लिहिणाऱ्याच्या लेखणीवर अवलंबून होती.

ती लेखणी तटस्थ असण्याचे कारण नव्हते. ‘पटकी’ असे लिहिले की वर्दी तातडीने वर जाणार, अंमलदार येणार, विहिरींत लाल औषध (पोटॅशियम परमँगनेट) पडणार, गावची जत्रा असली तर ती बंद होण्याचा संभव. ‘हगवण’ लिहिले तर ह्यांतले काही होत नाही. उलट यात्रेहून नुकत्याच परतलेल्या माणसाला साधा अतिसार झाला तरी त्याला पटकीच म्हणण्याकडे कल असणार, कारण लोकांची आणि अधिकाऱ्यांची अपेक्षाच तशी. एकाच रकान्यावर दोन उलट दिशांनी दाब पडत होता. म्हणून एखाद्या वर्षी पटकीचे आकडे वाढले एवढे सांगून भागत नाही. त्याच आठवड्यांत हगवणीच्या नोंदी कमी झाल्या काय, हेही पाहावे लागते. दोहोंची बेरीज स्थिर राहून केवळ वाटणी बदलली असेल तर बदल भाषेत झाला, रोगात नव्हे.

गावाची स्वतःची मागोवा घेण्याची एक रीत होती, आणि तिची नोंद कोणत्याही नमुन्यात होत नसे. पटकी आली की मरीआईचा गाडा काढीत. गाडा वाजतगाजत गावाबाहेर नेऊन शिवेपलीकडे सोडीत. पुढचे गाव तो आपल्या शिवेतून पुढे ढकली. प्रशासनाच्या दृष्टीने ही अंधश्रद्धा आणि गावागावांतील तंट्याचे मूळ. तथापि तिच्यात एक निरीक्षण गृहीत होते. साथ दिशाहीन पसरत नाही. ती एका शिवेवरून येते आणि दुसऱ्या शिवेकडे जाते, असे गाव मानीत होते. कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेला क्वारंटाइन हवे होते. गाव गाड्याला शीव ओलांडून लावीत होते. उपाय चुकीचा असला तरी रोग रस्त्याने जातो ही समजूत दोन्हीकडे सारखीच होती. वाऱ्याची उपपत्ती मांडणारे ह्या बाबतीत गावकऱ्यांच्याही मागे पडले, असे म्हणावयास हरकत नाही.

विसाव्या शतकातील घटनाक्रम थोडक्यात सांगता येतो. वाल्डेमार हाफकिन ह्यांनी १८९३ पासून हिंदुस्थानात पटकीच्या लशीचे प्रयोग केले. पुढे पंढरपूरच्या यात्रेकरूंना लस टोचून घेणे सक्तीचे झाले आणि टोचल्याचा दाखला हा वारीच्या सामानाचा भाग बनला. लशीचे संरक्षण अपुरे व अल्पकाळ टिकणारे होते. पण दाखल्याने एक गोष्ट साधली. यात्रेकरू कोणत्या गावचा हे प्रथमच लेखी झाले. १९६१ मध्ये इंडोनेशियातून निघालेला एल टोर प्रकार १९६४ मध्ये भारतात आला. त्यात सौम्य आणि लक्षणरहित रुग्णांचे प्रमाण अधिक असल्यामुळे रस्त्यावरचा माग अधिकच पुसट झाला. लशीने प्रसार थांबत नाही हे मान्य होऊन १९७३ मध्ये आंतरराष्ट्रीय नियमांतून पटकीच्या दाखल्याची अट गेली. पंढरपुरातही सुया मागे पडल्या आणि पाण्यातील क्लोरीन मोजण्याला महत्त्व आले. हा बदल योग्य होता. मात्र दाखल्याबरोबर गावाचे नावही गेले.

२००४ साली सुरू झालेल्या एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्पाने भाषेच्या दृष्टीने एक लक्षणीय पाऊल उचलले. त्याच्या तीन नमुन्यांपैकी आरोग्यसेविकेने भरावयाच्या नमुन्यात रोगाचे नाव विचारलेले नव्हते. किती दिवस ताप, किती दिवस पातळ जुलाब, एवढेच विचारले होते. पटकी की हगवण, हा निर्णय खेड्यातील लेखणीकडून काढून घेतला गेला. निदान डॉक्टराच्या आणि प्रयोगशाळेच्या नमुन्यांत. गावाच्या नमुन्यात फक्त लक्षण. दीड शतकाच्या घोळानंतर हे शहाणपण आले. २०१३ च्या प्रयाग कुंभात हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी मेळ्यातील रुग्णालयांत येणाऱ्यांच्या तक्रारी हातातील संगणकावर नोंदवून रोजच्या रोज तपासल्या. २०१५ च्या नाशिक सिंहस्थातही असे प्रयत्न झाले. कागदी वह्यांतून आठवड्यांनी कळणारी वाढ ह्या पद्धतीने त्याच दिवशी कळू शकते, हे मोठेच साध्य. तरीही ही नोंद मेळ्याच्या हद्दीपुरती. स्नान करून त्याच रात्री एस्. टी. ने घरी गेलेला मनुष्य दोन दिवसांनी आपल्या तालुक्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रात येतो तेव्हा त्याचा मेळ्याशी असलेला संबंध, तो स्वतः बोलला नाही तर, कोणालाच कळत नाही. पूर्वीचा यात्रेकरू वाटेत आजारी पडे, रेल्वेचा उंबरठ्यावर पडे. मोटारीच्या काळात तो घरी पोचून, कामाला लागून मग आजारी पडतो.

करोनाच्या साथीने हाच प्रश्न दुसऱ्या बाजूने दाखविला. १३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रात १८९७ चा तोच कायदा लागू झाला आणि त्या वर्षी पादुका ३० जूनला बसने पंढरपुरास नेण्यात आल्या; यात्रा भरलीच नाही, म्हणून फुटलीही नाही. उलट २०२१ च्या हरिद्वार कुंभात येणाऱ्यांच्या तपासण्या झाल्या, पण त्यांतील असंख्य नोंदी बनावट असल्याचे आरोप होऊन चौकशी करावी लागली. नोंद करणाऱ्याचा हितसंबंध नोंदीत उतरतो, ही कोतवाल बुकाच्या काळची अडचण यंत्रे बदलली तरी कायम राहिली.

कोतवाल बुके आज पुन्हा उघडली जात आहेत, परंतु वेगळ्या कारणासाठी. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधात महाराष्ट्रभर जुनी मोडी दप्तरे तपासली गेली, त्यांच्या प्रतिमा घेतल्या गेल्या, मोडी वाचकांना कधी नव्हे ती मागणी आली. ह्या शोधात वाचला जातो तो जातीचा रकाना. त्याच ओळीत, काही बोटांच्या अंतरावर, मरणाचे कारण लिहिलेले असते. ते उतरवून घेण्याचे कोणालाच प्रयोजन नाही. कागद ठिसूळ झाले आहेत, आणि एका कामासाठी हाताळलेले पान दुसऱ्या कामासाठी पुन्हा हाताळण्याच्या स्थितीत राहीलच असे नाही. मूळ पानाची प्रतिमा पूर्ण घेतली गेली असेल तर ठीक. केवळ हव्या त्या नोंदीचा उतारा घेतला गेला असेल तर उरलेली ओळ गेली.

पदव्युत्तर विद्यार्थ्याला करता येण्याजोगे काम त्यामुळे मर्यादित आणि निश्चित आहे. बेल्हे, आणे, टाकळी ढोकेश्वर, भाळवणी ही नगरच्या रस्त्यावरील एका ओळीतील गावे घ्यावीत. १९०६ च्या आधीची पाच आणि नंतरची पाच वर्षे निवडावीत. आषाढी आणि कार्तिकी एकादशीनंतरच्या तीन आठवड्यांतील प्रत्येक मृत्यू उतरवून घ्यावा. मृत मनुष्य गावचा की परगावचा, हे वेगळे दाखवावे. बेल्ह्याला जनावरांचा बाजार भरत असल्याने तेथील आकडे स्वतंत्र ठेवावेत. यात्रेची आणि बाजाराची वर्दळ एकमेकींत मिसळू देऊ नये. ज्या गावांत त्या तीन आठवड्यांत कोणीच मेले नाही, त्यांची नावेही यादीत असावीत. आणि कारणाच्या रकान्यात जो शब्द असेल तो, पटकी असो, वाखा असो, नुसते ‘ढाळ व उलटी’ असो, जसाच्या तसा लिहावा. त्याचे ‘कॉलरा’ असे भाषांतर शेजारच्या दुसऱ्या रकान्यात, पेन्सिलीने करावे.